सात नंबरचा आवाज

"वाचा," आरवाडे म्हणाले. "सावकाश वाचा ओ सेक्रेटरी. गडबड नको."

मी चष्मा पुसला आणि नोंदवही उघडली.

"अकरा जून. सायंकाळी सात दहा ते सात बत्तीस. फ्लॅट क्रमांक सात. पुरुषाचा आवाज, चढा. स्त्रीचा आवाज, अस्पष्ट. एक जड वस्तू पडली. नंतर लहान मुलाचे रडणे, सुमारे चार मिनिटे. तीव्रता दोन. सही, सचिव. सही, साक्षीदार स. ग. टेंबे."

"व्वा," टेंबे म्हणाले. साक्षीदार म्हणून स्वतःचे नाव ऐकले की ते दर वेळी असेच म्हणत.

"पुढचं."

"एकोणीस जून. नऊ पाच ते नऊ चाळीस. पुरुषाचा आवाज. भांडी, स्टीलची, अंदाजे तीन. स्त्रीचे ओरडणे, दोनदा. त्यानंतर पूर्ण शांतता. तीव्रता तीन."

"तीन म्हणजे पार्किंगपर्यंत ऐकू आलं," आरवाड्यांनी सभेला समजावून सांगितले. सभेला आम्ही तिघेच होतो.

दोन हजार बारा सालच्या सप्टेंबरातला शेवटचा रविवार होता तो. सांगलीच्या विश्रामबागेत आमची बारा फ्लॅटची इमारत आहे, प्रशांत सहकारी गृहनिर्माण संस्था. तिच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून व्यवस्थापक समिती बसली होती. अध्यक्ष बाबगोंडा आरवाडे, मार्केट यार्डातले हळदीचे व्यापारी. सदाशिव टेंबे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. राहायचे दोन नंबरात आणि सात नंबर भाड्याने द्यायचे. तिसरा मी, सचिव, श्रीधर मेहेंदळे. माझा फ्लॅट आठ नंबरचा, सातच्या अगदी समोर.

बत्तीस वर्षे मी हवामान खात्यात निरीक्षक होतो. ठरलेल्या वेळी तापमान पाहायचे, आर्द्रता पाहायची, वाऱ्याची दिशा पाहायची आणि लिहायचे. दिसेल ते नोंदवावे, आकाशाला सल्ला देऊ नये, हे आमच्या कामाचे तत्त्व. वादळ अडवायला हात पसरून उभा राहिलेला निरीक्षक मी कधी पाहिला नाही. ही शिस्त निवृत्तीनंतर वाया जाऊ नये, म्हणून मी संस्थेचा सचिव झालो आणि 'आवाज व उपद्रव नोंदवही' सुरू केली. वाऱ्याचा जोर ठरवायची एक जुनी रीत आहे: धूर तिरका झाला तर इतका, फांद्या हलल्या तर इतका. त्याच धर्तीवर मी आवाजाची श्रेणी बेतली. मजल्यापुरता आवाज एक, खालच्या मजल्यावर पोहोचला तर दोन, पार्किंगपर्यंत आला तर तीन, रस्त्यावर गेला तर चार. सबंध विश्रामबागेत अशी नोंदवही दुसऱ्या कोणत्याही संस्थेकडे नव्हती. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवत नसे.

"एकूण चौदा नोंदी," मी वही मिटली.

"चार महिन्यांत चौदा!" आरवाडे म्हणाले. "आता ठराव करायचा का?"

प्रश्न सात नंबरच्या भाडेकरूंचा होता. महेश तांदळे ट्रॅक्टरच्या कंपनीत विक्रीचे काम करायचा. त्याची बायको वृषाली मिरजेला रक्त तपासायच्या लॅबमध्ये होती. मुलगी ओवी पाच वर्षांची. पंधरा दिवसांपूर्वी वृषालीने आतून कडी लावली आणि नवऱ्याला घरात घेतले नाही. तो कराडला बहिणीकडे गेला आणि तिथून त्याने टेंब्यांना पत्र पाठवले: करार माझ्या नावावर आहे, मी घर सोडत आहे, ताबा घ्यावा. घर गेले की बायको आपोआप आपल्या पायाशी येईल, असा त्याचा डाव. तो कळण्याइतके आम्ही तिघेही शहाणे होतो.

"माणूस तसा सज्जन," टेंबे म्हणाले. "जिन्यात भेटला की वाकून नमस्कार. त्याचा कधी त्रास नाही. आवाज यायचा तो हिचाच."

"व्हय की," आरवाडे म्हणाले. "आता मारणाऱ्याचा कसला आवाज येतोय? ओरडतंय कोण, ते बघायचं."

माझी पत्नी नलिनी चहा घेऊन खाली आली होती. ट्रे हातातच धरून ती म्हणाली, "पण ती पोरीला घेऊन जाईल कुठे?"

"वहिनी, तो आपला विषय नाही," आरवाडे सौम्यपणे म्हणाले. "आपला विषय आवाज."

ठराव एकमताने झाला. सातव्या दिवशी फ्लॅट रिकामा करावा. नोटीस मी लिहिली. कागदपत्र अपुरे राहू नये ही माझी जुनी सवय, म्हणून नोंदवहीच्या अकरा पानांच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक पानावर 'मूळ प्रतीबरहुकूम' असे लिहून सही-शिक्का केला. आरवाडे म्हणाले, एवढं कशाला? मी म्हणालो, पुराव्याविना नोटीस म्हणजे नुसता आरोप.

नोटीस द्यायला मी स्वतः समोरच्या दारावर गेलो. वृषालीने उभ्याउभ्याच ती वाचली. मग पाने उलटू लागली. एका पानावर बराच वेळ थांबली.

"काका, हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

"होय."

"तारखांसकट?"

"वेळेसकट."

"यातल्या चार तारखा मला आठवतसुद्धा नव्हत्या." तिचा आवाज अगदी सपाट होता. "काका, ओवीची शाळा इथं आहे. माझी नोकरी इथं आहे. भावाकडे दोन खोल्यांत सहा माणसं. सात दिवसांत मी बाहेर पडले तर मला कराडलाच जावं लागेल. कळतंय ना तुम्हाला?"

"ठराव तसा झालाय," मी म्हणालो.

"ही पानं माझ्याकडेच राहतील?"

"तुझीच प्रत आहे. साक्षांकित आहे," मी म्हणालो. ती आभार मानेल असे मला क्षणभर वाटलेही.

पाचव्या दिवशी सकाळी एक बाई स्कूटीवरून आल्या. तीस-बत्तीसच्या असतील. खांद्याला पिशवी, पिशवीत फायली. "शबाना मुजावर. संरक्षण अधिकारी, महिला व बालविकास," त्यांनी ओळख सांगितली. सरकारी माणूस आपली नोंदवही पाहायला आला आहे एवढेच माझ्या लक्षात आले. मी खुर्ची पुसून दिली. आरवाडे आणि टेंबेही आले.

"हे अक्षर तुमचं?" त्यांनी माझीच पाने काढली.

"माझंच."

"फार सुंदर आहे. तीव्रता म्हणजे काय, तेवढं सांगा."

मी सांगितले. एक, दोन, तीन, उदाहरणांसह. बाई मान हलवत लिहून घेत होत्या. खात्यातल्या साहेबांनीही माझे इतके लक्षपूर्वक कधी ऐकले नव्हते.

"आणि चार?"

"चार अजून झाला नव्हता."

"झाला असता तर काय करणार होता?"

मी आरवाड्यांकडे पाहिले.

"चार म्हणजे रस्त्यावर जातंय ओ मॅडम," आरवाडे म्हणाले. "बाहेर कळतंय. संस्थेचं नाव जातं."

"म्हणजे तीनपर्यंत चालतं," बाई म्हणाल्या आणि तेही लिहून घेतले.

मग त्यांनी फाईल मिटली आणि शाळेत शिकवावे तसे सांगितले. बाई ज्या घरात नवऱ्याबरोबर नांदत होती, त्या घरात राहायचा तिला कायद्याने हक्क आहे. घर भाड्याचे असले तरी. करार नवऱ्याच्या नावाचा असला तरी. बायकोला रस्त्यावर आणण्यासाठी नवऱ्याने घर सोडायचे म्हटले, तर न्यायालय त्याला तसे करण्यापासून रोखू शकते. वृषालीने अर्ज केला आहे. सुनावणी पुढच्या गुरुवारी. तोवर कोणी तिच्या दाराला हात लावायचा नाही.

"पण फ्लॅट माझा आहे!" टेंबे म्हणाले.

"तुमचाच आहे. तो कोणी घेत नाही. कराराची मुदत आहे तोवर तिला राहू द्या, एवढंच."

"असं कसं ओ?" आरवाड्यांना हा विनोद वाटला. "म्हणजे मार खाल्ला की घर मिळतं?"

"नाही," मुजावर बाई म्हणाल्या. "मार खाल्ला म्हणून घर जात नाही."

जाताना त्या माझ्याकडे वळल्या. "पाच वर्षं अशी कामं करते मी. दर वेळी कोर्ट विचारतं, साक्षीदार कोण? शेजारी म्हणतात, आम्ही काही ऐकलं नाही. तुमच्यासारखी संस्था पहिल्यांदाच भेटली. चौदा वेळा ऐकलंत, वेळ लिहून ठेवलीत, बहुतेक नोंदींखाली दोघादोघांच्या सह्या. गुरुवारी न्यायालयात या. ही मूळ वही घेऊन."

स्कूटी फाटकाबाहेर पडली. टेंबे खुर्ची ओढून माझ्याजवळ सरकले.

"माझ्या सह्या किती आहेत?"

"नऊ," मी म्हणालो.

"कशाला एवढ्या घेतल्यात हो?"

"तुम्ही स्वतःच यायचात. गॅलरीत उभे राहून 'हं, सुरू झालं' म्हणायचात."

"ते वेगळं. पेपरात आलं तर? 'शेजाऱ्यांनी चौदा वेळा ऐकलं' असं छापून आलं, तर माझ्या मुलीच्या सासरी काय वाटेल?"

आरवाडे व्यापारी माणूस, त्यांना लगेच वाट सुचली. संध्याकाळीच पार्किंगमध्ये तातडीची सभा भरली. ठराव असा: फ्लॅट क्रमांक सातमधून येणारा आवाज दूरदर्शन संचाचा होता, व सचिवांच्या नोंदीत अनवधानाने गैरसमज झाला. अनुमोदन, टेंबे. सर्वानुमते मंजूर. सर्वांत मीही होतो. हात वर केला, सही केली, कार्यवृत्तही सुवाच्य लिहिले. दुसऱ्या दिवशी ठरावाची एक प्रत कराडहून आलेल्या महेश तांदळ्याच्या हाती पडली. तो जिन्यात भेटला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारखी वडीलधारी माणसं पाठीशी आहेत म्हणून माझा संसार वाचतोय."

गुरुवारी सकाळी मी इस्त्रीचा सदरा घालत होतो. नलिनी दारात उभी होती.

"काय सांगणार आहात?"

"वहीत आहे ते. किंवा ठरावात आहे ते. बघू."

"आणि दोन्हीत नाही ते?"

मी बटणे लावत राहिलो. तिने माझ्या हातात वही दिली आणि आत निघून गेली.

अशा प्रकरणांत बाहेरच्या लोकांना आत बसू देत नाहीत. आरवाडे आणि टेंबे व्हरांड्यातच थांबले. आत न्यायाधीश बाई, लेखनिक, दोन्ही बाजूंचे वकील, मुजावर बाई, तांदळे नवराबायको आणि मी. वृषालीच्या वकिलाने नोंदी वाचून घेतल्या. मग नवऱ्याचे वकील उठले. गोड बोलणारे गृहस्थ होते.

"मेहेंदळे साहेब, हा ठराव बघा. सही तुमची?"

"माझीच."

"यात लिहिलंय, आवाज टीव्हीचा होता. बरोबर?"

"तसं लिहिलंय."

तेवढ्यावर ते थांबले असते तर प्रकरण तिथेच संपले असते. वृषाली महिनाअखेरीला कराडला असती. पण वकिलांना मला आणखी खूश करायचे होते.

"यात तुमची काही चूक नाही. या वयात टीव्ही कुठला आणि माणूस कुठला, एवढा फरक कानांना कळत नाही. आम्ही समजू शकतो."

"मला कळतो," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"टीव्हीच्या नोंदी स्वतंत्र आहेत. पान चार पाहा. फ्लॅट तीन, रोज साडेआठ, मालिका. अध्यक्षांचा फ्लॅट आहे. टीव्हीला मी तीव्रता लावत नाही."

लेखनिक हसला. न्यायाधीश बाईंनी त्याच्याकडे पाहिले.

"शिवाय टीव्हीतली बाई मोकळेपणानं रडते," मी म्हणालो. "शेजारी ऐकतील म्हणून तोंडावर हात दाबून रडत नाही. दाबलेला आवाज वेगळा येतो. तो मी 'अस्पष्ट' असा लिहिलाय. चौदापैकी अकरा नोंदींत तो शब्द आहे."

सत्याची चाड म्हणून मी हे बोललो, असे कोणी समजू नये. माझ्या निरीक्षणावर शंका घेतली गेली, त्याचा मला राग आला होता. बत्तीस वर्षांत माझ्या एकाही नोंदीवर शेरा आला नव्हता. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर वृषालीही नव्हती आणि ओवीही नव्हती. फक्त माझी वही होती.

वकिलांचा गोडवा ओसरला.

"ठीक आहे. एवढी मारहाण होत होती म्हणता. तुमचं दार समोर, सहा फुटांवर. मग ही बाई मदत मागायला तुमच्याकडे का आली नाही? एकदा तरी आली? नाही ना?"

उत्तर त्यांनीच दिले होते. मी नुसती मान हलवायची होती. वहीत काही नव्हते, ठरावात काही नव्हते. वृषाली समोरच्या बाकावर बसली होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, खिडकीकडे पाहत होती. माझ्याकडून काही निघेल अशी तिची अपेक्षाच नव्हती.

"आली होती," मी म्हणालो.

"काय?"

"बावीस ऑगस्ट. बुधवार. सायंकाळी सात वीस. आमची बेल दोनदा वाजली. मी दारातल्या भिंगातून पाहिलं. ती होती. मुलीचा हात धरलेला. ओठ फुटला होता."

"मग?" हा प्रश्न न्यायाधीश बाईंचा होता.

"मागून माझी बायको म्हणाली, उघडा. मी तिला गप्प राहायची खूण केली."

"मग?"

"मी दार उघडलं नाही."

वकिलांनी माझी वही उचलली आणि भरभर पाने चाळली. "बावीस ऑगस्टची नोंद यात कुठेच नाही!"

"नाही."

"का नाही?"

"वहीत सात नंबरचं लिहायचो," मी म्हणालो. "ते आठ नंबरात घडलं होतं."

न्यायाधीश बाईंनी एक एक वाक्य सांगितले, लेखनिकाने टंकले. 'मी दार उघडले नाही.' कागद माझ्यापुढे सरकवला. मी खाली सही केली. माझी सही सहसा सरळ येते. त्या दिवशी ती ओळीच्या खाली घसरली.

आदेश आठ दिवसांनी झाला. महेशने त्या घराच्या आसपास फिरकायचे नाही. कराराची उरलेली सात महिन्यांची मुदत संपेपर्यंत घर सोडता येणार नाही, भाडे त्यानेच भरायचे. वृषालीने आणि मुलीने तिथेच राहायचे. संस्थेच्या नोटिशीला काही अर्थ नाही, हे एका वाक्यात सांगितले होते. मी अकरा पाने जोडली होती.

आमच्या संस्थेने यातून धडा घेतला नाही असे म्हणता येणार नाही. पुढच्याच सभेत ठराव झाला: यापुढे कोणत्याही फ्लॅटमधून कसलाही आवाज आला तरी तो कोणी लिहून ठेवायचा नाही. नवे सचिव म्हणून टेंब्यांची निवड झाली. आरवाडे मला म्हणाले, "तुम्ही माणूस चांगला ओ मेहेंदळे. पण संस्थेच्या कामाचे नाही."

वृषाली ते सात महिने राहिली आणि नंतर मिरजेला लॅबच्या जवळच एक खोली घेऊन गेली. त्या सात महिन्यांत आमचे बोलणे एकदाच झाले. आदेशानंतरच्या आठवड्यात ती जिना चढत होती, हातात भाजीची पिशवी. मी उतरत होतो. तिने काही बोलावे म्हणून मी कठड्याला धरून थांबलो. खरे म्हणजे तिने आभार मानावेत अशी माझी अपेक्षा होती. सगळ्यांदेखत मी स्वतःची अब्रू घालवून घेतली होती. त्याची काही तरी दखल घेतली जावी, असे वाटत होते. ती बोलेना, तेव्हा मीच सुरुवात केली.

"त्या दिवशी बेल वाजवलीस, तेव्हा... तुला वाटलं असेल, घरी कोणी नाही."

"नाही काका," ती म्हणाली. "तुम्ही दाराशीच होतात. दाराखालच्या फटीतून तुमचे पाय दिसत होते."

मी खाली माझ्या चपलांकडे पाहिले.

"ओवीनं पण पाहिले," तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तिला वाटलं, आजोबा लपाछपी खेळतायत. तुम्हाला नीट लपता यावं म्हणून तिनं डोळे मिटले आणि वीसपर्यंत आकडे म्हटले. तिचे आकडे होईपर्यंत मी तिथंच उभी होते. मग आम्ही गेलो."